रूममेट तीच, बाक तोच, मैत्रीणही शाळेतलीच. मग इतरांशी ओळख व्हायची कशी?

तिसरा_बाक

मंडळी, पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज सुरू होऊन महिना व्हायला आलाय. लिहिताना जरा लांबेल, पण थोडक्यात सांगितलं की "अगं, होईल सगळं हळूहळू" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते घरून रोज फोनवर मिळतंच आहे.

तर माझी एक मैत्रीण आहे, पाचवीपासूनची. तिला इथे नुसतं 'मैत्रीण'च म्हणते. तिने हे वाचलं तर माझी खैर नाही. आम्ही दोघींनी ठरवून एकाच कॉलेजला अर्ज केले, दोघींना प्रवेश मिळाला, हॉस्टेलच्या फॉर्मवर एकमेकींची नावं टाकली आणि रूमही एकच मिळाली. दोन्ही घरचे एवढे खूश झाले की विचारू नका. मीही झाले. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ती नसती तर मी बॅग भरून परत गेले असते. ऑफिसात कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा इथपासून ते रात्री बाथरूमला जाताना सोबत इथपर्यंत सगळं तिच्यामुळे निभावलं.

आता झालंय असं की आम्ही दोघी मिळून एकच माणूस झालोय. वर्गात कुणी आम्हाला वेगवेगळं ओळखतच नाही. परवा एका मुलीने मला तिच्या नावाने हाक मारली आणि मी चक्क ओ दिली. दुरुस्त करायचंही सुचलं नाही. लेक्चरला शेजारी, मेसमध्ये समोरासमोर, रोल नंबर लागोपाठ म्हणून प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर. रूमवर तर आहोतच.

बरं, कुणी बोलायला येत नाही असंही नाही. आमच्या पलीकडच्या टेबलावर एक मुलगी असते. लेबल न लावता बाटली ठेवणाऱ्यांवर ती जाम उखडते, मला ती फार आवडते. मागच्या आठवड्यात ती कॅन्टीनमध्ये आपणहून आमच्या टेबलावर येऊन बसली. दोन मिनिटं बरी गेली. मग मैत्रिणीने शाळेतला एक किस्सा काढला. किस्सा म्हणजे काय, नुसतं "ए, ते गॅदरिंगचं..." एवढं म्हणाली आणि आम्ही दोघी हसायला लागलो. त्या मुलीने आधी आमच्याबरोबर हसायचा प्रयत्न केला, मग पेल्याखाली पडलेलं पाणी बोटाने इकडेतिकडे केलं, मग फोन काढला. "चला, मला जर्नल पूर्ण करायचंय" म्हणून उठली. पेला अर्धा भरलेला होता.

मला हे दिसत होतं, पण मधेच थांबून "अगं, तुला सांगते काय झालं होतं" म्हणायचं मला जमलं नाही, कारण किस्सा सांगण्यासारखा नाहीच. तिथे असणाऱ्यांनाच हसू येतं.

मैत्रिणीला याचं काही वाटत नाही. ती म्हणते, "कशाला पाहिजेत आणखी? आपण आहोत ना." रविवारी वर्गातल्या सातआठ जणांचं फिरायला जायचं ठरलं होतं, ग्रुपवर विचारलंही होतं. ती म्हणाली कंटाळा आलाय, मग मीही "नाही जमणार" टाकलं आणि दिवसभर त्यांचे फोटो बघत लोळले.

तिला न दुखावता थोडं मोकळं कसं व्हायचं? आमच्या मजल्यावर रात्री सगळ्या एकाच खोलीत जमून खिदळत असतात, बाहेरून असं वाटतं की यांचं सगळं जमून गेलंय, म्हणजे मला उशीर झालाय का? आणि नाव, शाखा, कुठून आलीस हे तीन प्रश्न संपल्यावर चौथं काय बोलायचं असतं? हसू नका, खरंच विचारतेय.


शेवटची_बस

दुसऱ्या वर्षाला आहे, रोज घरून येऊन जाऊन करतो. उशीर म्हणतेस? आमच्या वर्गात पहिल्या महिन्यात एक मोठं टोळकं होतं. सगळीकडे एकत्र, कट्टा त्यांचाच, ग्रुपचं नाव दर आठवड्याला नवीन. पहिलं सबमिशन आलं आणि फुटलं. कुणी जर्नल दिलं, कुणी फोन उचलला नाही, कुणी प्रॉक्सी लावतो म्हणून लावली नाही. त्यातले दोघं आता एकमेकांकडे बघतही नाहीत. सबमिशनच्या आधीच्या मैत्रीला मी तरी मैत्री धरत नाही. आमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांचं तर रात्रीच्या गप्पांमध्ये नावच नसतं, तरी आमचं जमलंच.

चौथा प्रश्न: काहीतरी माग. माहिती विचारू नकोस, मदत माग. "तुझं ब्युरेटचं तिसरं रीडिंग किती आलं?" हा जगातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. समोरचा लगेच स्वतःची वही उघडतो, मग सरांना शिव्या, मग आपोआप पुढचं. "तुझे छंद काय?" असं विचारलंस तर तो मुलाखतीला बसल्यासारखा बसेल.


डस्टर

पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे दर वर्षी तुझ्यासारख्या जोड्या समोर बसलेल्या असतात. तिसऱ्या बाकावरच बसतात बहुतेक, का कोण जाणे.

तुला एक प्रयोग सांगते. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच बैठकीत खुर्च्या दैवावर सोडून वाटल्या. कुणी कुठे बसायचं ते कुणाला विचारलं नाही. वर्षभराने त्यांना एकमेकांबद्दल विचारलं. त्या दिवशी जे शेजारीशेजारी बसले होते, किंवा निदान एकाच रांगेत होते, त्यांची मैत्री इतरांपेक्षा घट्ट निघाली. हा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९५० मध्ये, लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास छापला होता. एका मजल्यावर लागून दार असलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. आणि जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं दार होतं त्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी होत्या, कारण वरचे सगळे त्यांच्या दारावरूनच जायचे. त्यांनी त्यासाठी वेगळं काही केलं नव्हतं.

आता तुमच्याकडे बघ. तुझ्या शेजारची जागा मैत्रिणीने अडवली आहे आणि तिच्या शेजारची तू. लेक्चरला, मेसमध्ये, प्रयोगशाळेत, रूमवर. तिसऱ्या माणसाला तुमच्याशेजारी योगायोगानेही बसता येत नाही. मनमिळाऊपणा, संकोच, स्वभाव वगैरे सगळं नंतर येतं. तू मैत्रीण बदलायच्या विचाराने घाबरली आहेस, पण बदलायची आहे ती खुर्ची. आठवड्यातली काही ठरावीक तासांची खुर्ची. तीच जागा दर वेळी धर, म्हणजे आजूबाजूची माणसंही तीच राहतील. रोज नव्या माणसाशी बोलायला जाणं हा थकवणारा आणि बहुधा फुकट जाणारा उद्योग आहे.

त्या पलीकडच्या टेबलावरच्या मुलीबद्दल. ती उठून गेली म्हणजे तिला तुम्ही आवडला नाहीत, असं तू धरून चालली आहेस. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच मांडलं आहे: पहिल्यांदा बोलणं झाल्यावर आपण समोरच्याला कितपत आवडलो याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असतो. दोन्ही बाजूंचा कमी असतो, ही खरी गंमत. कॉलेजच्या निवासात एकत्र राहणाऱ्या नव्या मुलामुलींमध्येही त्यांना हा फरक बरेच महिने टिकलेला दिसला. म्हणजे ती मुलगी आत्ता स्वतःच्या रूमवर "त्या दोघींना मी नकोच होते" म्हणत बसली असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि रात्रीच्या खिदळण्याबद्दल म्हणशील, तर दाराबाहेर हसण्याचाच आवाज येतो. आत कोण भिंतीला टेकून, नुसतं बसायला मिळालं म्हणून बसलंय, ते ऐकू येत नाही. मला ते नंतर माझ्या केबिनमध्ये ऐकायला मिळतं.


खिडकीपाशी

सगळे तिला सल्ले देताहेत म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी ती 'मैत्रीण' होते.

माझी शाळेतली जिवाभावाची सखी कॉलेजात आल्यावर हळूहळू बाजूला व्हायला लागली. भांडण नाही, काही नाही. मी तयार होईपर्यंत ती निघून गेलेली असायची. "अगं, लवकर जाग आली." मग जेवायला "आज भूक नाही", आणि नंतर कळायचं की दुसऱ्यांबरोबर जेवली. ती इतरांबरोबर जाते याचं मला फारसं दुःख नव्हतं. मला ते दर वेळी दुसऱ्या कुणाकडून कळायचं, हे लागायचं. एकदा तर मेसमधल्या मावशींनी सांगितलं.

म्हणून तुला एकच सांगते: आधी सांग. घडायच्या आधी. आणि काय सुटणार ते सांगताना काय राहणार तेही सांग. "मंगळवारी-गुरुवारी मी पुढच्या बाकावर बसणार आहे, रात्रीचं जेवण आपलं आपल्या दोघींचंच" असं. 'मला थोडी मोकळीक हवी' वगैरे मोघम बोललीस तर ती रात्रभर त्याचे अर्थ लावत बसेल. मी बसले असते.

आणखी एक, राग मानू नकोस. तिलाही तुझा कंटाळा आला असेल, ही शक्यता तुझ्या पूर्ण लिहिण्यात कुठेच नाही.


गणिती

डस्टर मॅडम, खुर्चीचं पटलं. पण नुसतं शेजारी बसून मैत्री होत असती तर लोकलमध्ये... असो. शेजारी बसणं आणि मैत्री यांच्यामध्ये किती वेळ जातो याचं काही मोजमाप आहे का? मला आकडे आवडतात.


डस्टर

आहे, पण अंदाज म्हणूनच घ्या. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात नव्याने कॉलेजात आलेली मुलंही होती. नुसत्या ओळखीतून वरवरची मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जातात, मैत्री म्हणावी अशी व्हायला ९० च्या आसपास, आणि जवळची व्हायला २०० च्या वर. माणसागणिक हे खूप बदलतं. महत्त्वाची गोष्ट ही की वर्गात किंवा कामानिमित्त एकत्र घालवलेला वेळ त्यात फारसा कामी येत नव्हता. गप्पा, भटकणं, टवाळक्या, हाच वेळ उपयोगी पडत होता.


गणिती

म्हणजे लेक्चर बंक केल्याशिवाय मैत्री नाही. हेच सिद्ध करायचं होतं.

गंमत बाजूला. तिसरा बाक, रोज लेक्चरनंतर तासभर कुणाबरोबर रेंगाळलीस, तर सुट्ट्या धरून ५० तासांना दोनअडीच महिने लागतील. तू महिनाभरात निकाल मागते आहेस. आणि तुझ्या मैत्रिणीचे पाचवीपासूनचे तास मोजले तर कॅलक्युलेटर लागेल. तिच्याबरोबरच्या सहजपणाशी कुणाही नव्या माणसाची तुलना केलीस तर नवं माणूस हरणारच. मला वाटतं तुझी खरी गोची हीच आहे. त्या मुलीशी बोलताना थोडं अवघडायला होणार, विषय संपणार, दोघी फोनकडे बघणार. होऊ दे.


शेवटची_बस

गणिती, तू हे टेबल करून दिलं नाहीस याचंच आश्चर्य वाटतंय.

बाक, रविवारच्या फिरण्याचं मात्र मला खटकलं. तिला कंटाळा आला होता, तुला नव्हता. मग "नाही जमणार" कुणाचं? पुढच्या वेळी ग्रुपवर विचारतील तेव्हा तिच्याकडे न बघता उत्तर टाक. तीनदा नाही म्हटलं की लोक विचारायचं सोडतात. रागाने नाही, विसरतात.


तिसरा_बाक

सगळ्यांचे आभार. खिडकीपाशी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

शेवटी बोलले. रूमवर, दिवा घालवल्यावर, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं. तुम्ही सांगितलं तसंच वार लावून सांगितलं: प्रॅक्टिकलला आणि सकाळच्या पहिल्या लेक्चरला मी वेगळी बसेन, रात्रीचं जेवण आपलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बस की, मी काय बांधून ठेवलंय?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी मला न उठवता एकटीच गेली आणि थेट मागच्या रांगेत. संध्याकाळी जेवायला आली, मीठ मागितलं, चार शब्द बोलली. अजून थोडी फुगलेलीच आहे. पण मागच्या रांगेतल्या दोघींबरोबर तिला हसताना मी पाहिलं, आणि मला मजेशीर काहीतरी वाटलं. बरं वाटलं असंही नाही. नेमकं काय ते कळलं नाही. त्या दोघी कशावर हसत होत्या ते मला माहीत नव्हतं.

प्रॅक्टिकलला टेबल बदलायला सरांची परवानगी लागते हे मला माहीतच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "भांडलात का?" नाही म्हटलं. "मग कशाला?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी पलीकडच्या टेबलावर एक मुलगा बरेच दिवस येत नाहीये, त्याच्या जागी तात्पुरतं उभं राहा म्हणाले.

शेवटची_बस, रीडिंगचा प्रश्न विचारला. हुबेहूब. तिचं आणि माझं शेवटचं रीडिंग जुळत नव्हतं, मग कुणाचा रंग आधी बदलला यावर आम्ही जवळजवळ वाद घातला आणि तिने मला ब्युरेट डोळ्यांच्या रेषेत आणून कसं बघायचं ते खांदा दाबून, खाली वाकवून दाखवलं. मी धीर करून कॅन्टीनमधल्या त्या दिवसाचं काढलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला तिसरं कुणी नकोच असतं. वर्गात सगळ्यांनाच वाटतं." सगळ्यांनाच! डस्टर मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

आता पुढचा प्रश्न. तिने मला शनिवारी लायब्ररीत जर्नल लिहायला बोलावलंय. हे मी रूमवर बोलून गेले, तर मैत्रीण फुगलेल्या आवाजातच म्हणाली, "मी पण येऊ?" मी म्हटलं बघू. काय सांगू?


खिडकीपाशी

येऊ दे ना गं. तिने विचारलं, यातच ती किती खाली उतरून आली आहे बघ. मी नसतं विचारलं. फक्त गॅदरिंगचं नाव त्या दिवशी काढायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या.


डस्टर

माझं मत वेगळं आहे. या शनिवारी एकटी जा. तिघी बसलात तर जुनी जोडी दहा मिनिटांत जुन्या बोलण्यावर येते, कितीही ठरवलं तरी. दोघींचं थोडं जमलं की मग तिघी बसायला काहीच हरकत नाही. आणि तोवर मैत्रिणीला त्या मागच्या रांगेतल्या दोघींबद्दल विचार. मनापासून विचार.

जाता जाता: मागची रांग, मेसमधली रांग, जिन्यावर भेटणारी माणसं, यांच्याशी नुसतं "काय गं, झालं का जर्नल?" एवढंही पुरतं. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ च्या अभ्यासात, ज्या दिवशी विद्यार्थी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी बोलले त्या दिवशी त्यांना जास्त बरं आणि आपल्यातलं वाटलं होतं. सगळ्यांशी जिवाभावाचं करायची गरज नाही.


गणिती

एक मत हो, एक मत नाही. मी तटस्थ. जर्नल मात्र शनिवारीच पूर्ण कर, सोमवारी लायब्ररीत उभं राहायला जागा नसेल.


तिसरा_बाक

खिडकीपाशी ताई, तुमचं पटतंय, पण या शनिवारी एकटीच जाते. आणि ते शुक्रवारी रात्री नाही, आजच सांगते, नाहीतर तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळेल. रविवारी ग्रुपवर पुन्हा फिरायचं चाललंय, त्याला मी मगाशीच "येते" टाकलंय. तिच्याकडे न बघता. नंतर तिला विचारलं, येतेस का? म्हणाली, "मागच्या रांगेतल्या जाणार असतील तर येईन."


शेवटची_बस

मागच्या रांगेतल्या म्हणे! बाक, तुझी जागा गेली बघ.